अळीच्या पोटातला पुरावा

पुण्याच्या नारायण पेठेत संशयास्पद मृत्यू झाला, की व्हिसेरा (अवयवांचे नमुने) गणेशखिंडच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो. पण देह कुजून रक्तही हाती लागत नसेल, तर? मग हिरव्या-निळ्या चकचकीत माश्यांच्या अळ्या कामी येतात. देहातले औषध खाण्यावाटे त्यांच्यात उतरते. १९८० साली अमेरिकेत नोंदल्या गेलेल्या प्रकरणात तरुणीचा जवळपास सांगाडाच उरला होता. तरीही अळ्यांत फेनोबार्बिटल हे औषध सापडले. (माशी उडून गेल्यावर उरलेली कोषांची टरफलेही तपासता येतात.) कोकेन मात्र घोळ घालते: अळ्या झपाट्याने वाढतात आणि मृत्यू आहे त्याहून जुना भासतो. डोस किती होता, हे अळीवरून खात्रीने ठरत नाही. आणि औषध सापडले नाही, म्हणजे ते घेतलेच नव्हते असेही नाही.