पवनचक्कीच्या पात्याचं टोक वाकवलं तर वीज वाढते का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर.

देवणीहून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. म्हणतो, "दादा, शेतातल्या आखाड्यावर छोटी पवनचक्की बसवायचीय. विकणारा म्हणतोय विंगलेटवाली पाती घ्या, वीज दीडपट होते. पण पैसे बरेच जास्त सांगतोय. घेऊ का?"

प्रश्न खिशाचा आहे, म्हणून उत्तर आधी सांगतो. विंगलेट ही खोटी गोष्ट नाही, पण दीडपट ही थाप आहे. आता का, ते बघू.

पवनचक्कीचं पातं म्हणजे विमानाच्या पंखाचाच भाऊ. वारा त्यावरून जातो तेव्हा एका बाजूला हवेचा दाब जास्त होतो, दुसऱ्या बाजूला कमी. या फरकामुळंच पातं ढकललं जातं आणि फिरतं. हवेला मात्र जास्त दाबाकडून कमी दाबाकडं पळायचं असतं. मध्ये पातं आडवं असतं, म्हणून तिला जाता येत नाही. टोकाला कोण अडवणार? शेतातला बांध जिथं संपतो, तिथून पाणी वळसा घालून पलीकडं जातं ना, तसंच. हवा टोकावरून वळते आणि मागं छोट्या वावटळीसारखा भोवरा सोडते. त्या भोवऱ्यात गेलेली ताकद आपल्या जनरेटरपर्यंत येत नाही.

आणि टोक म्हणजे पात्याचा सगळ्यात कमावता भाग. पात्याचा बाहेरचा एक तृतीयांश भाग घ्या. पातं फिरतं तेव्हा एकूण वर्तुळाचं जवळपास ५६ टक्के क्षेत्र तेवढा भागच व्यापतो. तिथं गळती झाली तर ती जाणवतेच.

मग टोक वाकवून हवेची वाट अवघड करायची, हीच विंगलेटची कल्पना. पंखाच्या टोकाला आडवी पट्टी लावायचं पेटंट इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरनं १८९७ मध्ये घेतलं होतं, म्हणजे राइट बंधूंचं विमान उडायच्या आधी! १९७० च्या दशकात नासाच्या रिचर्ड व्हिटकॉम्बनं तिला आजचा आकार दिला. १९७९-८० मध्ये केसी-१३५ या मोठ्या विमानावर चाचण्या झाल्या आणि इंधनात ६ टक्क्यांहून जास्त बचत दिसली.

इथं तुम्ही म्हणाल, विमानाला जमलं तर पवनचक्कीला का नाही? विमानाची अडचण वेगळी आहे. पंख लांब केला तरी फायदा होतोच, पण विमानतळावर जागा मोजून मिळते. ए३२० सारखं विमान जिथं उभं राहतं, तिथं पंखांची रुंदी ३६ मीटरच्या आत लागते. टोकं वर वळवलेल्या ए३२० ची रुंदी ३५.८ मीटर आहे. बाजूला वाढायला जागा नाही, म्हणून वर वाढले.

पवनचक्कीला आकाशात अशी भिंत नाही. डेन्मार्कच्या रिसो प्रयोगशाळेत २००६ मध्ये संगणकावर हा हिशोब केला गेला. विंगलेट लावल्यावर वीज वाढली साधारण ०.६ ते १.४ टक्के. पण वाऱ्याचा पवनचक्कीला मागं रेटणारा जोरही १ ते १.६ टक्के वाढला. तो जोर खांबाला आणि पायालाही सोसावा लागतो. पुढच्या अभ्यासात अजून एक गोष्ट दिसली. विंगलेटला जेवढी लांबी लागते, तेवढंच पातं सरळ लांब केलं तर वीज थोडी जास्तच मिळते.

म्हणून मोठ्या कंपन्यांनी मुख्यतः लांबीच वाढवली. १९८६ मध्ये महाराष्ट्र, गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर भारतातल्या पहिल्या पवनचक्क्या लागल्या, त्या ५५ किलोवॅटच्या होत्या. पुढं साताऱ्यात पाटण तालुक्यातलं वनकुसवड्याचं पठार पवनचक्क्यांनी भरलं. आज पुण्याच्या सुझलॉनच्या एस१४४ मॉडेलचा घेर १४४ मीटर आहे, क्षमता ३ मेगावॅटच्या वर.

मग विंगलेट बाद? तसंही नाही. जिथं लांबी वाढवता येत नाही तिथं ते उपयोगी पडतं. घाटातल्या वळणावरून लांब पातं नेता येत नाही, कुठं घेरावर मर्यादा असते. जर्मनीच्या एनरकॉननं ई-७० मॉडेलच्या पात्यांची टोकं वाकवलेलीच ठेवली. आणि १ टक्का लहान दिसला तरी मोठ्या यंत्रावर मोठा असतो. ३ मेगावॅटचं यंत्र वर्षभर सरासरी ३० टक्के क्षमतेनं चाललं असं धरा. वीज झाली साधारण ७९ लाख युनिट. त्याचा १ टक्का म्हणजे ७९ हजार युनिट. महिन्याला १०० युनिट वापरणारी ६५ घरं त्यावर वर्षभर चालतील.

पण आखाड्यावरच्या चक्कीचा १ टक्का म्हणजे मोबाइल चार्ज करण्याइतकाही नाही. हिशोब करू. घेर २ मीटर, वारा सेकंदाला ५ मीटर. एवढ्या वाऱ्यात मुळात ताकदच सुमारे २२० वॅट. जर्मनीच्या अल्बर्ट बेट्झनं १९२० मध्ये दाखवलं की वाऱ्यातली ५९.३ टक्क्यांपेक्षा जास्त ताकद कुठलीच उघडी पवनचक्की काढू शकत नाही. म्हणजे कमाल १३० वॅट, आणि छोट्या यंत्राकडून प्रत्यक्षात त्याच्या निम्मी मिळाली तरी खूप. टोक कसंही वाकवा, नसलेला वारा येणार नाही.

मग पैसे कुठं घालायचे? आधी उंचीवर. वाऱ्याचा वेग ५ वरून ६ झाला तर ताकद ७३ टक्के वाढते, कारण ती वेगाच्या घनानं वाढते. झाडं आणि पत्र्यांच्या वर गेलात तरच मोकळा वारा भेटेल. दुसरं, लांबीवर. १ मीटरचं पातं १.१ मीटर केलं की क्षेत्र २१ टक्के वाढतं. अर्थात हे विकत घेतानाच ठरवायचं, नंतर जोडकाम नाही. टोकाचा आकार या दोन्हीनंतर.

अजून एक, आणि हे नीट ऐका. व्हिडिओ बघून पात्याला घरी पीव्हीसीचा तुकडा चिकटवू नका. १ मीटरचं पातं मिनिटाला ५०० फेरे घेत असेल, तर टोकावरचा १०० ग्रॅमचा तुकडा २८ किलो वजनाइतक्या जोरानं बाहेर ओढला जातो. सुटला तर खाली बांधलेल्या जनावराचा, नाहीतर माणसाचा जीव जाईल.

विकणाऱ्याला तीनच प्रश्न विचारा. घेर किती? सेकंदाला ४, ५ आणि ६ मीटर वाऱ्यात किती वॅट? आणि हे मोजलं कुणी? '१ किलोवॅट' असं छापलेलं असतं ते बहुतेक वेळा ११-१२ मीटरच्या सोसाट्याच्या वाऱ्याचं असतं. उत्तरं कागदावर मिळाली नाहीत, तर तेवढेच पैसे सौर पॅनेलवर टाका. मराठवाड्यात उन्हाची काही कमी नाही.

तुमच्याकडंही असा हिशोब अडला असेल तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!