कलावंतांची कृतज्ञता

कला आणि चळवळ यांचे नाते आपल्या समाजाला नवे नाही. भीमराव कर्डकांच्या जलशांनी बाबासाहेबांचा विचार अक्षरओळख नसलेल्या माणसांपर्यंत पोहोचविला. परंतु चळवळीला विचार पोहोचविणारा जसा लागतो, तसा तिच्या पूर्णवेळ कार्यकर्त्याची चूल पेटती ठेवणाराही लागतो. हे दुसरे काम सामाजिक कृतज्ञता निधीने केले.

डॉ. बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर आदी कार्यकर्त्यांसमवेत डॉ. श्रीराम लागू या निधीसाठी उभे राहिले. १९६९ साली शल्यचिकित्सकाचा व्यवसाय सोडून पूर्णवेळ रंगभूमी पत्करलेले लागू, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेले निळू फुले, तसेच तनुजा अशा नामवंतांनी आचार्य अत्रे यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून निधी जमविला. मूळ रक्कम गुंतवावी आणि तिच्या व्याजातून कार्यकर्त्यांना दरमहा मानधन द्यावे, अशी ही योजना. नाटक विनोदी होते, त्यात प्रचार नव्हता. प्रेक्षक हसायला येत आणि त्यांच्या तिकिटाचा पैसा कार्यकर्त्याच्या घरी धान्य होऊन पोहोचे.

या निधीचे नाव ‘मदत’ नव्हे, ‘कृतज्ञता’ आहे. येथे देणारा उपकारकर्ता ठरत नाही. आपल्या वतीने झिजणाऱ्याचे ऋण तो फेडतो. अहंकाराविना दिलेले तेच दान, ही धम्माचीही शिकवण. अशाच दानावर उभ्या राहिलेल्या वसतिगृहांतून आपण शिकलो. मोर्चाच्या अग्रभागी चालणे प्रत्येकास जमेलच असे नाही. परंतु आपल्या कौशल्याचा एक प्रयोग समाजासाठी राखून ठेवणे आपणा सर्वांस शक्य आहे.