कारखान्यातल्या भगिनींचे मानसिक सक्षमीकरण म्हणजे नेमके काय?

सातपूर एमआयडीसीत सकाळी पावणेसातला फर्स्ट शिफ्टची गर्दी असते. त्या गर्दीत प्रबुद्धनगर, स्वारबाबानगर या आपल्या वस्त्यांतल्या महिलाही असतात. कोणी पॅकिंगला, कोणी वायरिंगला, कोणी असेंब्ली लाइनवर. आमच्या गटातल्या बहुतेक जणी ठेकेदाराच्या हजेरीवर आहेत. त्यांच्यासोबत काम करताना मला एक गोष्ट लवकर कळली. "मला टेन्शन आहे" असे त्या क्वचितच म्हणतात. डोकं जड होतं, छातीत धडधडतं, हातपाय गळतात, रात्री डोळा लागत नाही, असे सांगतात. दवाखान्यात ताकदीच्या गोळ्या मिळतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लाइन. (काहींच्या अंगात खरोखरच रक्त कमी असते, म्हणून तपासणी टाळू नये.)

हल्ली महिला दिनाच्या आसपास कंपन्यांत 'मानसिक सक्षमीकरणा'ची शिबिरे होतात. अशा एका शिबिराला मी बसले होते. दोन तास सकारात्मक विचार, खोल श्वास, हसतमुख राहणे. शेवटी मागच्या रांगेतल्या एका ताईने विचारले, "मॅडम, बाथरूमला जायचं तर सुपरवायझरला विचारावं लागतं. त्याचं काय करायचं?" तो विषय एचआरचा आहे, असे उत्तर मिळाले. माझ्या मते त्या दिवसाचा खरा विषय तोच होता.

रॉबर्ट कारासेक या अभ्यासकाने 1979 मध्ये कामाच्या ताणाबद्दल एक सिद्धांत मांडला. नुसते काम जास्त असल्याने माणूस तितका खचत नाही. कामाचा दाब मोठा आणि ते कसे, कधी, किती वेगाने करायचे यावर आपला ताबा काहीच नाही, ही जोडी सर्वांत वाईट. हे समजायला आपल्याला परदेशात जायची गरज नाही. टार्गेट दुसऱ्याचे, बेल्टचा वेग दुसऱ्याचा, खाडा झाला तर कापला जाणारा पगार मात्र आपला. बाथरूमला विचारून जावे लागते म्हणून आमच्या गटातल्या कितीतरी जणी शिफ्टमध्ये पाणीच पीत नाहीत. मग लघवीची जळजळ, ताप, पुन्हा खाडा. शरीराचे दुखणे कुठे संपते आणि मनाचे कुठे सुरू होते, हे इथे वेगळे करता येत नाही. घरी आल्यावर भांडी, स्वयंपाक, पोरांचा अभ्यास ही दुसरी शिफ्ट असतेच.

शिबिरे अगदी निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. बंगळुरूच्या कपडे शिवणाऱ्या कारखान्यांत महिलांना संवाद, वेळेचे नियोजन, अडचणी सोडवणे अशी कौशल्ये शिकवून त्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला. महिला अधिक मोकळ्या बोलू लागल्या. त्यांची उत्पादकता साडेतेरा टक्क्यांनी वाढली. पगार वाढला अर्धा टक्का. कंपनीला खर्चाच्या दुपटीहून अधिक परतावा मिळाला. तेव्हा कोणी 'सक्षमीकरण' म्हटले की आपण विचारावे, वाढलेले बळ कोणाच्या खात्यात जमा झाले?

आपल्यातले काही जण लगेच विपश्यनेचे नाव घेतात. इगतपुरीचे धम्मगिरी आपल्याच जिल्ह्यात आहे, शिबिराला फीही नाही. पण दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन-येऊन बारा दिवस लागतात. रोजंदारीवरच्या बाईचे बारा दिवस म्हणजे अर्ध्या महिन्याचा पगार, आणि परत आल्यावर जागा राहील याची खात्री नाही. ध्यानाचा उपयोग मी नाकारत नाही, मी स्वतः बसते. पण अन्याय शांतपणे सोसता यावा म्हणून ध्यान करा, असे कोणी सुचवू लागले तर तो धम्म नव्हे.

28 जुलै 1928 रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना, बाळंतपणाआधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, अशी बाजू बाबासाहेबांनी मांडली. खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, पण तिच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकानेही काही भार घ्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. थकलेल्या बाईला धीर देत बसण्याऐवजी त्यांनी तिच्या विश्रांतीचा खर्च कोणी द्यायचा, हे ठरवायला घेतले.

म्हणून विहारात येणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे की काही गोष्टी तोंडपाठ करा. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. ठेकेदाराच्या महिलेलाही तिथे तक्रार करता येते, साधारण मुदत तीन महिन्यांची. दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. कोणाची झोप उडाली असेल, जगणे नको वाटत असेल, तर 14416 हा टेली-मानसचा नंबर लावून द्या. मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येते. त्या वेळी भाषण देऊ नका, सोबत बसा. आणि महिलांची बैठक आपल्या सोयीने रविवारी सकाळी ठेवू नका. आमची शनिवारी दुपारी असते, कारण आमच्या गटातल्या बहुतेकींची सुट्टी तेव्हा असते.

अशाच एका बैठकीत बसण्याचा विषय निघाला. दिवसभर उभ्याने पॅकिंग करणाऱ्या चौघींच्या पायाच्या शिरा फुगल्या होत्या. उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय हवी, हे 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 44 मध्ये होते आणि 2020 च्या नव्या संहितेतही आहे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. बारावीत शिकणाऱ्या एकीच्या मुलीने अर्ज लिहिला. सही करताना पहिल्यांदा दोघींचे हात थरथरले. "काढून टाकलं तर?" हा प्रश्न तासभर चालला. मग एकटीने नको म्हणून अकरा जणींनी सह्या केल्या. तीन आठवड्यांनी दोन स्टूल आले. मागितले होते चार. आता त्या पाळी लावून बसतात, आणि कोणाची पाळी किती वेळ हे सुपरवायझर नाही, त्याच ठरवतात. त्यातली एक ताई परवा सांगत होती की हल्ली ती बाटलीभर पाणी घेऊन जाते आणि पिते.

पुढचा अर्ज पाळणाघराचा आहे. त्यासाठी पन्नास कर्मचारी लागतात. ठेकेदाराच्या धरून आकडा किती भरतो, ते त्या सध्या गेटवर उभ्या राहून मोजत आहेत.