फिटची गोळी आणि लांबणारी पाळी

लपवलेली माहिती

फिट येणाऱ्या मुलीची पाळी दोन-दोन महिने लांबते, हनुवटीवर राठ केस येतात, वजन वाढतं. घरचे तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे नेतात, पण लग्नाच्या काळजीने फिटचं नावही काढत नाहीत. अपस्मार, म्हणजे फिटचा आजार, नसावा ही अट हिंदू विवाह कायद्यातून १९९९ मध्येच निघाली. मनातली भीती मात्र अजून आहे, आणि तिची किंमत मुलगी मोजते.

या त्रासाला पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) कधी म्हणतात?

अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांची वाढ आणि सोनोग्राफीत बीजकोशात दिसणाऱ्या बारीक पुटिका, या तीनपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासून दुसरी कारणं आधी वगळतात.

मेंदू आणि औषध

पाळीचा ताल मेंदूतल्या हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरीकडून चालतो. फिटच्या लहरी तिथवर पोचल्या की तो बिघडू शकतो, म्हणून औषध न घेणाऱ्या स्त्रियांतही हा त्रास दिसतो. मात्र व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधाने तो अधिक वाढतो. त्याने पुरुषी संप्रेरकं वाढतात, वजनही चढतं. फिनलंडमधल्या १९९३ च्या अभ्यासात व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या ४३ टक्के स्त्रियांच्या बीजकोशात पुटिका आढळल्या. विशीच्या आत औषध सुरू झालेल्यांपैकी ८० टक्के जणींत पुटिका किंवा वाढलेली पुरुषी संप्रेरकं आढळली. वयात येणाऱ्या मुलीला ही गोळी लिहून दिली, तर आईवडिलांनी पर्याय विचारलाच पाहिजे. गर्भारपणात तर व्हॅल्प्रोएटमुळे शंभरातल्या सुमारे दहा बाळांत जन्मजात व्यंग आढळतं.

गोळी स्वतःहून बंद करू नका

एकदम थांबवली तर न थांबणारी फिट येऊन जीव जाऊ शकतो. लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरॅसिटॅम या फिटच्या दुसऱ्या औषधांकडे वळायचं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू. सगळ्यांना ते जमतंच असं नाही. काहींच्या फिट व्हॅल्प्रोएटनेच आटोक्यात राहतात. पाळीसाठीच्या हार्मोनच्या गोळ्यांनी लॅमोट्रिजिनचा असर कमी होतो, तर कार्बामॅझेपीन आणि फेनिटॉइन या फिटच्याच औषधांमुळे त्या हार्मोनच्या गोळ्याच निकामी ठरू शकतात.

मावळ तालुक्यातून उपचारासाठी कुठे?

तळेगाव दाभाड्याला वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. लोणावळा, मळवली, कामशेतहून लोकलने पुण्याला उतरलं की ससून रुग्णालयही जवळ. जाताना गोळ्यांची पाकिटं आणि पाळीच्या तारखांची वही सोबत न्या. पाळीच्या डॉक्टरांना फिटच्या गोळीचं नाव सांगा आणि फिटच्या डॉक्टरांना पाळीच्या तारखा दाखवा.