वहीतली माणसं

‘आई, कांद्याची सालं टाकू नकोस हं!’ सकाळी सकाळी स्वयंपाकघरात असा हुकूम सुटला की समजावं, आज लेकीचं काहीतरी नवीन सुरू झालंय. ती चित्रकलेच्या कॉलेजात जाऊ लागल्यापासून आमच्या घरातला कचरा कचरा राहिलेलाच नाही. कांद्याच्या सालीचा तो गुलाबी-तांबूस रंग तिला वहीत उतरवायचा असतो. एसटीची तिकिटं, पिंपळाची जाळीदार पानं, मिठाईच्या खोक्यावरची दोरी... सगळं तिच्या टेबलावर. आवरायला गेलं की भांडण ठरलेलं!

त्यात रोजची दहा स्केचेस. त्यासाठी ही कधी गंगावेशला म्हशींचं दूध काढताना बघत उभी, कधी कुंभार गल्लीत, तर कधी एसटी स्टँडच्या बाकावर. ‘वयात आलेली मुलगी स्टँडवर तास तास बसते, काय म्हणतील लोक?’ मी वैतागायचे. यावर तिचं उत्तर, ‘आई, आबालाल रहिमान काय घरात बसून चित्रं काढत होते?’ बोलण्यात हरवणं अवघडच! जे. जे. स्कूलमध्ये शिकून आलेला हा चित्रकार १९३१ मध्ये जाईपर्यंत कोल्हापुरातच रमला. रंकाळा, कोटीतीर्थ, तिथलं पाणी नि ऊन हेच त्यांचे विषय. आणि बायकांची रोजची कामं, त्यांची लुगडी, त्यांचं चालणं-बसणं इतक्या बारकाईनं टिपणारे म. वि. धुरंधर (१८६७-१९४४) जन्माने आमच्या कोल्हापूरचेच. मी बी.ए. झालेली, पण हे सारं मला लेकीकडून कळलं.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. चार दिवस झड लागलेली, बाहेर जाणं शक्य नाही. ती म्हणाली, ‘तुझ्या केंद्रावर येऊ?’ आमच्या बचत गटाच्या बायका जुन्या साड्यांच्या वाकळा शिवतात. ही कोपऱ्यात बसली. बायका आधी लाजल्या, पदर सारखे करू लागल्या. मग विसरून गेल्या. मी आपली रजिस्टर आणि हिशेबात.

खरं तर त्या दिवशी माझं डोकं ठणकत होतं. गटातल्या एका मावशींचे टाके अलीकडे वाकडे-तिकडे पडत होते. दोन वाकळा परत आल्या होत्या. बाकीच्या कुरकुरत होत्या, ‘वहिनी, त्यांचं लक्ष नसतंय कामात.’ एक तारखेपासून त्यांना काम द्यायचं नाही, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

रात्री सहज लेकीची वही चाळली. सात-आठ पानं आमच्या बायकांची. सगळ्यांच्या माना सारख्या झुकलेल्या, पण या मावशी प्रत्येक चित्रात वेगळ्याच. वाकळ पार नाकाला लावलेली, मान एका बाजूला कललेली. एका चित्रात तर शेजारीण त्यांना सुई ओवून देतेय. मी विचारलं, ‘यांना अशा का काढल्यास गं?’ ती सहज म्हणाली, ‘त्या तशाच बसतात, आई. त्यांना दिसत नाही बहुतेक.’

मला रात्रभर झोप लागली नाही. पाच वर्षं मी त्या बाईंची दर महिन्याला सही घेतेय!

सकाळी त्यांच्या घरी गेले. आधी ‘कुठं काय, दिसतंय की’ म्हणाल्या. मग डोळ्याला पदर लावला. काम जाईल या भीतीनं वर्षभर कुणाला बोलल्या नव्हत्या. तपासणीत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. एका डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीआधी झालं, दुसऱ्याचं संक्रांतीनंतर. आता त्या स्वतः सुई ओवतात, वर शेजारणीचे टाकेही काढतात!

मैत्रिणींनो, चित्रकलेच्या मुलांना ‘सुचतं’ कुठून, असं मला नेहमी वाटायचं. सुचत-बिचत काही नसतं, ती नुसती बघत असतात. आपण ज्याच्यावरून नजर फिरवून पुढे जातो, तिथे ती दहा मिनिटं थांबतात.

हल्ली महिन्याच्या बैठकीत मी रजिस्टर उघडण्याआधी जरा वेळ नुसती बसते, एकेकीकडे बघत. आणि हो, कांद्याची सालं आता मी वेगळ्या डब्यात ठेवते.