निजाम पळून गेला नव्हता

१७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन जवळ आला की बिडकीनपासून नांदेडपर्यंतच्या भाषणांत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘पोलीस अ‍ॅक्शन झाली आणि निजाम पाकिस्तानात पळाला.’ शाळेतली मुले तेच निबंधात उतरवतात. हे साफ खोटे आहे. हैदराबाद संस्थानचा निजाम मीर उस्मान अली खान १९४८ च्या त्या भारतीय लष्करी कारवाईनंतर कुठेही गेला नाही. २४ फेब्रुवारी १९६७ रोजी तो हैदराबादेतच वारला. पाकिस्तानात गेले ते त्याचे पंतप्रधान लायक अली, १९५० मध्ये नजरकैदेतून निसटून, आणि रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी, १९५७ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर.

निजामाची गादीही लगेच गेली नाही. लष्करी प्रशासक जनरल चौधरींना कायदे करण्याचे अधिकार मिळाले, तेही निजामाच्या फर्मानाने. पुढे २६ जानेवारी १९५० पासून ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्याचा राजप्रमुख होता. पटत नसेल त्याने मूळ राज्यघटनेचे कलम ३६६(२१) उघडावे : हैदराबादपुरता राजप्रमुख म्हणजे राष्ट्रपतींनी मान्यता दिलेला निजाम, असे तिथे स्वच्छ लिहिले होते.

मग लढा कशासाठी होता? राजा जाणे हाच विजय नसतो : इंग्लंडात १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचे मुंडके उडवले, तरी १६६० मध्ये राजेशाही परत आली. पार्लमेंटची सरशी पक्की झाली ती १६८९ मध्ये, राजा ठेवून त्याचे हात कायद्याने बांधले तेव्हा. आपल्याकडेही खरा प्रश्न कायदा कोण करणार आणि मंत्री कोणाला जाब देणार, हाच होता. स्वामी रामानंद तीर्थांची हैदराबाद स्टेट काँग्रेस ‘जबाबदार राज्यपद्धती’ मागत होती. १९३८ मध्ये ती रीतसर स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. १९३९ च्या सुधारणांत कायदेमंडळ देऊ केले, पण मंत्री उत्तरदायी राहिले निजामालाच. ती मागणी पुरी झाली १९५२ मध्ये : निवडणूक झाली, बुर्गुल रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले आणि आपले दिगंबरराव बिंदू गृहमंत्री. एवढी मोठी गोष्ट सोडून आपण मुलांना पळून गेलेल्या राजाची कहाणी का सांगतो?

बाकीचे गैरसमज थोडक्यात. रझाकार म्हणजे निजामाचे सैन्य नव्हे. ती इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेची स्वयंसेवक दले. सैन्य वेगळे होते, त्याचे सेनापती एल इद्रूस. लढा निव्वळ हिंदू-मुस्लिम होता, हेही चूक : भारतात विलीन व्हा असे लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनीच मारले. आणि १७ सप्टेंबरला मराठवाडा महाराष्ट्रात आला नाही. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, महाराष्ट्र झाला १ मे १९६० रोजी.