भिंत तकलादू, विद्या खरी

दोष डोळ्यांपुढे दिसत असताही एखादी कृती मनाला रमविते, हे कसे घडते? १९७१ साली हाँगकाँगच्या ‘गोल्डन हार्वेस्ट’ या संस्थेने काढलेला ‘द बिग बॉस’ हा चित्रपट पाहावा. थायलंडमधील पाक चोंग या लहानशा गावी तो अल्प खर्चात चित्रित झाला. त्यातील संवाद मागाहून भरलेले. नायक ब्रूस ली याच्या मुखी आवाजही दुसऱ्याचाच. एका हाणामारीत तर फेकलेला माणूस लाकडी भिंतीतून आरपार जातो आणि मागे त्याच्याच आकृतीचे भोक उरते! हसू आवरत नाही.

तरीही प्रेक्षक उठून जात नाही. बर्फाच्या कारखान्यात मजुरी करणाऱ्या नायकाने मारामारी न करण्याचे वचन आईला दिलेले असते. सोबती एकेक करून नाहीसे होतात, अन्याय वाढत जातो आणि हा हात आवरून उभा असतो. म्हणूनच गळ्यातील खुणेचा ताईत तुटून ते वचन मोडते, तेव्हा त्याचा पहिला आघात आपलाच वाटतो. त्या आघातात मात्र खोटेपणा नाही; ती चपळाई वर्षानुवर्षांच्या तालमीची आहे.

भिंत तकलादू असली तरी चालते. अंगातील विद्या तेवढी खरी हवी. रसिकाने हसावे, आणि दादही द्यावी.